स्विफ्टचा क्ष-किरण डेटा पहिल्यांदा हाताळताना

गॅमा-किरण स्फोटांच्या क्ष-किरणांचा अभ्यास स्विफ्ट उपग्रहाच्या एक्सआरटी दुर्बिणीपासून सुरू करा. डेटा खुला आहे आणि लेस्टर विद्यापीठाचे तयार प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचे आलेख) पडताळणीला मिळतात.

वर्णपट काढण्याआधी पाइल-अप तपासाच. एकाच फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच जागी पडले की सीसीडी (दुर्बिणीतली फोटॉन टिपणारी चिप) त्यांना जास्त ऊर्जेचा एकच फोटॉन समजते. मग स्रोत मंद दिसतो आणि वर्णपट उगाच उच्च ऊर्जेकडे झुकतो. एक्सआरटीच्या फोटॉन-काउंटिंग या चित्र घेणाऱ्या मोडची फ्रेम २.५ सेकंदांची असते, त्यामुळे सेकंदाला साधारण ०.५ काउंटच्या (नोंदलेल्या फोटॉनच्या) वर धोका; विंडोड-टायमिंग या जलद मोडमध्ये ही मर्यादा १०० च्या आसपास. उपाय म्हणजे मधले पिक्सेल वगळून कड्याच्या आकाराचा भाग घेणे आणि त्याच भागासाठी एआरएफ फाइल (दुर्बीण कोणत्या ऊर्जेला किती संवेदनशील आहे ते सांगणारी) नव्याने बनवणे. हे दुसरं काम नवखे हमखास विसरतात आणि फ्लक्स (स्रोताकडून पोहोचणारी ऊर्जा) कमी येतो.

मॉडेल साधं ठेवा: पॉवर-लॉ (ऊर्जेच्या ठरावीक घातानुसार घटणारी फोटॉनसंख्या) आणि वाटेतल्या वायूची दोन शोषणं. आकाशगंगेचं शोषण स्थिर, यजमान दीर्घिकेचं (जिथे स्फोट झाला तिचं) मोकळं, पण तिच्या रेडशिफ्टवर (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्या मापावर). रेडशिफ्ट शून्य धरलात तर हायड्रोजनचं प्रमाण फारच कमी निघेल. फोटॉन थोडे असतील तर मॉडेल जुळवताना काय-स्क्वेअर हा निकष नको, थोड्या फोटॉनांसाठीचा सी-स्टॅट वापरा. आफ्टरग्लोचा (स्फोटानंतर मंदावत जाणाऱ्या प्रकाशाचा) फोटॉन इंडेक्स, म्हणजे पॉवर-लॉचा घातांक, बहुधा २ च्या जवळ येतो.

प्रकाशवक्राचा उतार मोजताना फ्लेअरचा (मध्येच तेज अचानक वाढण्याचा) काळ आधी वगळा. काही स्फोटांत फ्लेअर मागच्या आफ्टरग्लोच्या कित्येक पट तेजस्वी असतो, आणि तो राहिला तर पठार (तेज हळू घटण्याचा टप्पा) कुठे संपलं हेच चुकतं.