‘मी काही आंधळा नाही, तिथे कशाला जाऊ?’

पत्र: माझे यजमान निवृत्त शिक्षक. काचबिंदूने त्यांची बरीचशी नजर गेली. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं नाही. वर्षभर घराबाहेर पडलेले नाहीत. कपडे काढून देण्यापासून फोन लावून देण्यापर्यंत सगळं मीच करते. डॉक्टरांनी एका संस्थेचा पत्ता दिला, तर म्हणाले, ‘मी काही आंधळा नाही, त्या लोकांत मला बसवू नकोस.’ परवा हळूच सांगितलं, भिंतीवर माणसं दिसतात. डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना? मी फार थकले आहे आणि हे बोलायचीही लाज वाटते.
– एक वाचक

उत्तर: ताई,

आधी भिंतीवरच्या माणसांविषयी, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली असणार. नजर खूप कमी झाली की डोळ्यांकडून मेंदूला फारसं काही पोचत नाही. मग काहींचा मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरू लागतो. कुणाला चेहरे दिसतात, कुणाला नक्षी, कुणाला जिवंत वाटणारी माणसं. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवून ठेवलं. आजोबांची नजर मोतीबिंदूने अधू झाली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. आज हा प्रकार बोने यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि तो वेडेपणा नव्हे. तरीही डॉक्टरांच्या कानावर घालाच, कारण भास होण्याची इतरही कारणं असतात. आवाजही ऐकू येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ जाणवत असेल, तर थांबू नका. यजमानांनी हे तुमच्यापाशी बोलून दाखवलं, हे फार बरं झालं. लोक आपल्याला वेडं ठरवतील या भीतीने कितीतरी जण ते मनातच ठेवतात.

आता संस्थेचं. यजमान म्हणतात ते खरं आहे, त्यांना थोडं दिसतं. पण अशा ठिकाणी येणाऱ्यांपैकी पुष्कळांना थोडंफार दिसतच असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. उरलेली नजर नीट वापरायला शिकवणं हे तिथलं मोठं काम आहे. एक उदाहरण देते. नजर कमी झाली की घरचे लोक पहिल्यांदा भिंग आणतात. बाजूची नजर गेलेल्या माणसाला त्याने उलट त्रास होऊ शकतो. अक्षरं मोठी झाली की त्या अरुंद जागेत ती मावतच नाहीत. अशा माणसाला चांगला प्रकाश आणि ठळक रंगभेद जास्त उपयोगी पडतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी अल्पदृष्टीची तपासणी करून घ्या. ती नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीपेक्षा वेगळी असते.

दुसरी गोष्ट पांढऱ्या काठीची. यजमान ती हातात धरायला बिचकतील, हे मी समजू शकते. पण बाजूचं आणि खालचं दिसत नसताना माणूस सगळं लक्ष पायांशी लावून चालतो आणि तरीही धडपडतो. काठी पुढची जमीन चाचपत राहिली की उरलेली नजर समोर बघायला मोकळी होते. लांब काठी दोन्ही बाजूंना फिरवत चालण्याची पद्धत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी बसवली. तेही आयुष्याच्या मध्यावर सगळं नव्याने शिकत होते. मात्र काठी नुसती आणून देऊ नका, ती प्रशिक्षकाकडूनच शिकायची असते.

त्यांना ‘गटात चला’ म्हणूच नका. संस्थेला फोन करून विचारा, काचबिंदूनेच नजर गेलेलं, साधारण त्यांच्याच वयाचं कुणी यजमानांशी फोनवर बोलेल का? एका माणसाशी एकदा बोलायचं, एवढंच. तुम्ही, मी, डॉक्टर, कुणीही समजावलं तरी शेवटी आम्ही डोळस. ‘मलाही पहिलं वर्ष असंच गेलं’ हे वाक्य ज्याने ते भोगलंय त्याच्याच तोंडून पटतं. आणि यजमानांना हेही विचारा, कोणती एक गोष्ट पुन्हा स्वतःला करता आली तर त्यांना बरं वाटेल? शिक्षक आहेत, वाचन म्हणतील. मग बोलक्या पुस्तकांपासून सुरुवात होईल.

थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. फोन लावून देणं थांबवा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर ही पडदा वाचून दाखवणारी सोय असते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. सुरुवातीला ते चिडतील, चुकतील, तुम्हाला बघवणार नाही. तरी हात पुढे करू नका. चालताना त्यांचा दंड धरून ओढू नका. त्यांना तुमच्या कोपराच्या वर धरू द्या आणि अर्धं पाऊल मागून येऊ द्या. घरातलं दार पूर्ण उघडं तरी ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड फार लागते.

आणि तुमचा थकवा. त्यात लाजण्यासारखं काय आहे? अनेक संस्थांमध्ये घरच्यांसाठीही समुपदेशन असतं. यजमान तयार होईपर्यंत थांबू नका, पहिल्यांदा तुम्ही एकट्याच जाऊन या. तिथे बोला, रडावंसं वाटलं तर रडा, आणि कोणत्या सेवा आहेत, घरी येऊन कुणी शिकवतं का, सगळं विचारून घ्या.

डोळ्यांत घालायचे थेंब चुकवू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली टिकवायला तेच लागतात. हा आजार घराण्यात उतरू शकतो, म्हणून यजमानांच्या भावंडांना आणि तुमच्या मुलांना, त्यांची काहीही तक्रार नसली तरी, डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगा. काचबिंदू बहुतेकदा सुरुवातीला कळतच नाही.