हवामानबदलावर शास्त्रज्ञांचं एकमत असेल, तर लोकांची काळजी कमी-जास्त का?

एकमत आहे ते कारणाबद्दल. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्षात साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. तापमानवाढ माणसामुळेच, यावर आयपीसीसीने (हवामानबदलाचा अभ्यास तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने) २०२१ मध्ये शंकेला जागाच ठेवली नाही.

मतभेद आहेत ते पुढे किती तापणार यावर. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दुप्पट झालं तर? १९७९ चा चार्नी अहवाल (अमेरिकी शास्त्रज्ञांचा या प्रश्नावरचा अहवाल) म्हणाला १.५ ते ४.५ अंश सेल्सियस, २०२१ मध्ये आयपीसीसी म्हणाली बहुधा २.५ ते ४. खरी गोची ढगांची: खालचे दाट ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवून धरतात, आणि तापमान वाढलं की यातले कुठले किती बदलतील हे नेमकं सांगणं अवघड.

आणि यातलाच मधला, ३ अंशांचा आकडा वाचून एकाची झोप उडते, दुसरा म्हणतो ‘बघू, निघेल मार्ग’. या दुसऱ्याला मी विज्ञानविरोधी म्हणणार नाही, फार तर बेफिकीर.