ब्रिटनमध्ये कंपनीची पेन्शन की स्वतःची? फीच्या आधी बघायच्या गोष्टी

तुमचा बेत असा दिसतो: पुण्याहून लीड्सला 45,000 पौंडांच्या नोकरीवर यायचं, कंपनीच्या पेन्शनमध्ये पगाराचे जेमतेम 5% भरायचे आणि उरलेले स्वस्तातल्या पर्सनल पेन्शनमध्ये. कारण कंपनीच्या फंडाची फी 0.65% आणि बाहेर सगळं मिळून 0.35%. गणित बरोबर आहे, पण ते फार पुढच्या पायरीवरून सुरू केलंय.

ऑफर लेटरमध्ये कंपनी 8% पर्यंत तुमच्याइतकेच पैसे घालते असं म्हटलंय ना? मग 5% वर थांबलात तर वर्षाला 1,350 पौंड तिथेच सोडून दिले. फीतला फरक त्यासमोर चिल्लर आहे. फक्त हे टक्के पूर्ण पगारावर आहेत ना, ते विचारून घ्या. कायद्याने किमान हिशेब 6,240 ते 50,270 पौंडांमधल्या कमाईवरच होतो, आणि बऱ्याच कंपन्या तेवढाच धरतात.

आता 8% च्या वरचे पैसे. इथे फीचा विचार रास्त आहे, पण आधी सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा काही भाग सोडून तो थेट पेन्शनमध्ये घालायची सोय) आहे का बघा. असेल तर पैसे पगारातून आधीच वळते होतात, त्यामुळे 20% इन्कम टॅक्स तर वाचतोच, शिवाय 8% नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) वाचतो. म्हणजे हातातल्या पगारातले 72 पौंड कमी झाले की पेन्शनमध्ये 100 जमा. तेच 72 बाहेर भरले तर टॅक्सची सवलत धरून 90 होतात. सुरुवातीलाच 10 पौंडांची तूट, आणि 0.3% फी वाचवून ती भरून निघायला साधारण 35 वर्षं लागतात! तुम्ही आत्ताच पस्तिशीत आहात.

मात्र ही सवलत कायमची धरू नका. एप्रिल 2029 पासून सॅलरी सॅक्रिफाइसमधल्या वर्षाला फक्त 2,000 पौंडांवरच नॅशनल इन्शुरन्स माफ राहील, असं सरकारने जाहीर केलंय. तुमचे 8% म्हणजेच 3,600 होतात. त्यानंतर वरच्या रकमेसाठी खरोखरच फीवर निर्णय होईल.

बाहेरची फी बघताना नुसते टक्के बघू नका. पर्सनल पेन्शन देणाऱ्या व्हॅनगार्ड या कंपनीचं उदाहरण घ्या: खात्याची फी 0.15%, पण शिल्लक 32,000 पौंडांच्या खाली असेल तर सरळ महिन्याला 4 पौंड. पहिल्या वर्षी तुमचे 2,000 जमा झाले तर 48 पौंड गेले, म्हणजे 2.4%, आणि फंडाची फी वेगळीच. उलट कंपनीच्या डिफॉल्ट फंडावर (तुम्ही काही निवडलं नाही तर पैसे जिथे जातात तो फंड) कायद्याने 0.75% ची कमाल मर्यादा आहे आणि नोकरी सोडल्यावर त्याच फंडात जुन्या लोकांकडून जास्त फी घेता येत नाही. शिवाय डिफॉल्टमध्येच राहायची सक्ती नसते. बहुतेक योजनांच्या यादीत एखादा स्वस्त इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा) सापडतो. लोक ती यादी उघडतच नाहीत.

मी काय करतो? सगळं कंपनीतच भरतो आणि अधूनमधून जमलेल्यातला मोठा हिस्सा स्वस्त पर्सनल पेन्शनमध्ये हलवतो. याला पार्शल ट्रान्सफर म्हणतात. खातं चालू राहतं, कंपनीचे पैसे येत राहतात. सगळ्याच योजना हे करू देत नाहीत, म्हणून एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारा.

पाच-सात वर्षांनी परतायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, पीएफसारखे हे पैसे काढून घेता येत नाहीत. पैसे काढायचं किमान वय सध्या 55, आणि 6 एप्रिल 2028 पासून 57. त्यामुळे बाहेरचं खातं निवडताना भारतातला पत्ता चालतो का, हे फीच्या आधी विचारा. अशी खाती देणाऱ्या काही कंपन्या परदेशी गेलेल्यांकडून नवे पैसे घेत नाहीत.