चढ ट्रामला, उतार पायांना

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही साठीच्या उंबरठ्यावर, लिस्बनमध्ये चार दिवस राहणार आहोत. तीन दिवसांचे वेळापत्रक मी आखले आहे; चौथ्या दिवशी मात्र काहीही न ठरवता नुसते भटकावे, असा पत्नीचा आग्रह आहे. एवढ्या लांब जाऊन एक दिवस वाया घालवणे मला पटत नाही. शिवाय चढ आला की तिचे गुडघे कुरकुरतात आणि हे शहर तर टेकड्यांवर वसलेले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आमचे मत आपल्या पत्नीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात दुरुस्ती एवढीच, की स्थळे ठरवली नाहीत तरी दिशा ठरवावी. लिस्बनमध्ये ती दिशा टेकडीवरून नदीकडे, म्हणजे उताराची असावी. चढण्याचे काम ट्रामवर सोपवावे.

सकाळी लवकर मार्तिम मोनिझ चौकात जाऊन 28 क्रमांकाची पिवळी ट्राम पकडावी. ती तेथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक. उशीर केल्यास लांबलचक रांग लागते आणि डब्यातल्या गर्दीत पाकीटमारांचे फावते. ग्रासा भागात उतरल्यावर चर्चशेजारी पाइन वृक्षांच्या सावलीत एक प्रशस्त सज्जा आहे. तेथे ‘बिका’ मागावी. लिस्बनकर छोट्या कपातल्या कडक कॉफीला याच नावाने ओळखतात. समोर किल्ला, लाल कौलांची उतरंड आणि दूरवर तेजो नदीवरचा पूल दिसतो. येथे किती वेळ बसायचे, हे कृपया घड्याळाला विचारू नये. दिवस मंगळवार किंवा शनिवार असेल, तर जवळच भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातही सहज डोकावता येईल.

पुढे उताराने सांता लुझियाच्या सज्जापर्यंत यावे. बोगनवेलीच्या मांडवाखाली बसून सगळे नदीकडे पाहत असतात. आपण मात्र पाठ वळवून चर्चची बाहेरची भिंत पाहावी. तिच्यावरील निळ्या-पांढऱ्या फरशांच्या एका चित्रात नदीकाठचा राजवाड्यापुढचा चौक रंगवलेला आहे. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या लाटांत व आगीत तो राजवाडा नष्ट झाला. हे चित्र नीट लक्षात ठेवावे, कारण दुपारी आपण त्याच चौकात उभे राहणार आहात.

या टप्प्यावर तासाभरासाठी वेगळे व्हायला हरकत नाही. खालच्या आल्फामा वस्तीतल्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतरत्या पायऱ्याही चढाइतक्याच जाचतात. आपण हवे तर तेथे एकटे भटकून परत यावे. पत्नीने मांडवाखाली निवांत बसावे. परदेशात पती-पत्नींनी दिवसभर खांद्याला खांदा लावूनच चालले पाहिजे, हा नियम कोणी केला, हे आम्हांला उमगलेले नाही. नंतर दोघांनी ट्रामच्या रुळांच्या कडेकडेने कॅथेड्रलवरून सपाटीवर उतरावे. पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असून ते झिजून गुळगुळीत झालेले असतात. पावसाची सर येऊन गेली की त्यांवर पाय हमखास घसरतो, म्हणून रबरी तळव्यांचे बूटच घालावेत.

जेवायला बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर येते. ते पाहुणचाराचे नसते. खाल्ल्यास बिलात लागते, नको असल्यास हात न लावता परत न्यायला सांगावे. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

भूकंपानंतर आखलेल्या सरळसोट रस्त्यांमधून आपण त्या चौकात पोहोचाल. नकाशावर त्याचे नाव प्रासा दो कोमेर्सिओ, म्हणजे व्यापार चौक, असे आहे. पण राजवाडा जाऊन अडीच शतके उलटली तरी लोक त्याला अजून तेरेइरो दो पासो, अर्थात राजवाड्याचे पटांगण, असेच म्हणतात आणि तेथील मेट्रो स्थानकाचे नावही तेच आहे. सकाळचे चित्र आठवून राजवाडा कोणत्या बाजूला असेल, यावर दोघांनी खुशाल वाद घालावा.

संध्याकाळी नदीकाठच्या सपाट रस्त्याने काइश दो सोद्रेच्या धक्क्यावर जावे आणि तेथून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी नोकरदारांची रोजची बोट पकडावी. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा आहे. पलीकडे लाल दीपगृहाजवळ उभे राहिले, की मावळतीचे ऊन समोरच्या टेकड्यांवर पडलेले दिसते, आणि सकाळी आपण जेथे कॉफी प्यायलात तो सज्जा त्यांतल्या कोणत्या टेकडीवर होता, हे आपल्याला पत्नीलाच विचारावे लागेल.