करडईचा शेंडा पिवळा पडतोय? वरून युरिया थांबवा, गंधक बघा

करडईला पेरताना डीएपी खत, नंतर वरून युरिया, तरी शेंडा पिवळा आणि दाणा पोचट, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या कोरडवाहू काळ्या रानात अगदी हेच चालायचं, म्हणून सविस्तर लिहितो.

नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमच्या फोटोत खालची पानं हिरवी आहेत, शेंड्याची कोवळी पानं फिकट. शिरासुद्धा फिकट असतील तर गंधक कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह, तो विषय वेगळा. डीएपीत नत्र 18 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 46 टक्के, गंधक नाहीच. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्केच, पण सोबत 11 टक्के गंधक येतं आणि तेलबियांना तेच लागतं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते माती तपासणीच्या कार्यालयानं. मातीच्या आरोग्य पत्रिकेवर गंधकाचा रकाना छापलेला असतो. आमच्या पत्रिकेत तो कोरा होता, आणि पत्रिका हातात आली ती पेरणी उरकल्यावर. विचारायला गेलो तर "नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) आहे ना, मग झालं" म्हणून वाटेला लावलं. शेजारच्या मुरमाड रानाच्या पत्रिकेवरही आमच्याच रानाचे आकडे! त्या कागदाच्या भरवशावर हंगाम वाया गेले, याचा राग अजून जात नाही. तुमच्या पत्रिकेत रकाना कोरा असेल तर ती घेऊ नका, गंधकाचा आकडा लेखी मागा.

कोरडवाहू करडईला हेक्टरी 50 किलो नत्र, 25 किलो स्फुरद ही शिफारस. म्हणजे एकरी साधारण सव्वा पोतं सुपर फॉस्फेट आणि एक पोतं युरिया, सगळं पेरणीलाच, दोन चाड्याच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत), बियाण्याला न चिकटता ओलीत. रब्बीत कोरड्या मातीवर फोकलेला युरिया मुळापर्यंत जातच नाही, चुनखडीच्या रानात तर उडून जातो. सुपर दाणेदारच घ्या, भुकटी चाड्यात अडकते. युरियात आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, सकाळी चिखल होतो. बेंटोनाइट गंधक (बेंटोनाइट मातीत मिसळलेलं गोळीदार गंधक) घेणार असाल तर पावसाळ्यातच कुळवाच्या पाळीला द्या, ते पिकाला लागू व्हायला ओल आणि वेळ लागतो.

मी कृषी पदवीधर नाही. हलक्या रानाचं आणि पाण्याखालच्या पिकाचं गणित वेगळं, तिथं माझे आकडे लावू नका. गंधक दिलं तरी पेरणी लांबली तर मावा (रस शोषणारी कीड) पीक खातोच. आणि विरळणी टाळू नका, दोन झाडांत वीतभर अंतर हवंच.

यंदाच्या उभ्या पिकावर आता खर्च करू नका. पुढच्या रब्बीला एकाच रानात एक पट्टा डीएपीचा, एक सुपरचा ठेवा, आणि मळणीला दोन्हीची पोती वेगळी वजन करा.