हिप हॉप इतक्या वेगवेगळ्या लोकांना का आवडतं? नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात अभंग, नाट्यगीतं, फार तर किशोरकुमार. पुतण्याच्या गाडीत तासभर रॅप, म्हणजे हिप हॉपमधलं तालावर बोलत गायलेलं गाणं, ऐकावं लागलं, निम्मे शब्द कळले नाहीत, तरी मान डोलत होती. मग न्यूयॉर्कच्या काळ्या पोरांचं हे संगीत पॅरिसपासून कुर्ल्यापर्यंत सगळ्यांना आपलं कसं वाटतं? आणि शिव्या आणि सोन्याच्या साखळ्यांपलीकडे त्यात काही आहे का?

आहे, भरपूर आहे. पण "संगीताला भाषा नसते" किंवा "दुःख सगळीकडे सारखंच" ही तयार उत्तरं मला पटत नाहीत. हिप हॉपला भाषा असते, आणि ती इतकी स्थानिक असते की त्याच शहरातल्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही काही शब्द विचारून घ्यावे लागतात. मला वाटतं, हे संगीत सगळ्यांच्या वतीने बोलायला जात नाही, म्हणूनच ते सगळ्यांना भिडतं. गाणारा स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं नाव घेतो, कोणाशी वाकडं आहे तेही सांगून टाकतो. ते ऐकून हजारो मैलांवरच्या पोराला वाटतं, मग आमच्या गल्लीचं का नाही?

पण ते नंतर. मान का डोलली ते आधी.

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1520 सेजविक अव्हेन्यू ही भाडेकरूंची मोठी इमारत आहे. तिथल्या तळाच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे हवे होते. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, जन्म जमैकाचा. तोच पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. हर्कने एक गोष्ट बरोबर हेरली होती. नाचणारी पोरं गाणंभर नाचत नाहीत, एका ठरावीक जागेची वाट बघतात. गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसते ड्रम आणि बाँगो उरतात, ती जागा. तिला ब्रेक म्हणतात. लावणीत बाई क्षणभर थांबते, ढोलकीवाला एकटा सुटतो आणि फेटे उडायला लागतात, तसंच हे.

अडचण अशी की रेकॉर्डवर ही जागा काही सेकंदांत संपून जाते. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर, ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, आणि तो वाजतोय तोवर पहिलीची सुई उचलून मागे आणून ठेवायची. पुन्हा तेच. हर्कची सुई अंदाजाने पडायची. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं होतं. त्याने रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा केल्या, हेडफोनवर आधी ऐकून घ्यायची सोय केली आणि जोड कळणारही नाही इतका साफ केला. आज लॅपटॉपवर कोणीही जो 'लूप', म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, बनवतो, तो या दोघांनी हाताने केलेला आहे. तुमची मान डोलली ती त्या लूपला. तिथे कुठली पार्श्वभूमी लागत नाही, मान असली की पुरे.

आता या पार्ट्यांमध्ये वाजायचं काय, ते बघा. जेम्स ब्राउन तर होताच. पण त्याच्यानंतर हर्क 'द मेक्सिकन' लावायचा. ते बेब रूथ नावाच्या एका इंग्लिश रॉक बँडचं गाणं. हिप हॉपवाल्यांनी डोक्यावर घेतलेली 'अपाचे' ही धून जेरी लॉर्डन या इंग्रज संगीतकाराची. 1982 च्या 'प्लॅनेट रॉक' या हिप हॉप गाण्यात क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींची सुरावट आहे आणि ड्रम वाजतात ते रोलंड टीआर-808 या जपानी यंत्राचे. ते यंत्र 1980 मध्ये बाजारात आलं, फारसं खपलं नाही, कंपनीने लवकरच बंद केलं, आणि सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागल्यावर पोरांच्या हाती पडलं. नाचणाऱ्यांत पोर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने. म्हणजे हे 'शुद्ध' कधी नव्हतंच. जे हाताला लागेल, कानाला बरं वाटेल, ते घेतलं.

मात्र म्हणून ते पहिल्यापासून सगळ्यांचं होतं असंही म्हणू नका. क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग वस्त्या चिरत गेला होता, सत्तरच्या दशकात इमारतींमागून इमारती जळत होत्या, त्यातल्या काही मालकांनीच विम्याच्या पैशांसाठी पेटवून दिलेल्या. महापालिकेने खर्चाला कात्री लावलेली. अशा ठिकाणी बँड, स्टुडिओ, क्लास कुठून येणार? घरातल्या रेकॉर्ड आणि माइक, एवढंच भांडवल. ते काळ्या आणि लॅटिनो पोरांनी उभं केलं, हे विसरून "संगीत सगळ्यांचं" म्हणायला मला आवडत नाही.

माझी स्वतःची ओळख फार आडवाटेने झाली. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाजत होतं. मी घरी ते लावलं आणि आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "अरे, ही तर लता! आणि हिला सारखं मधेच का तोडतायत?" बरोबर होतं तिचं. 'ज्योती' (1981) चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरी. निर्माता डीजे क्विकने तो तुकडा उचलून त्याचा लूप केला होता आणि वर राकिमसारखा दिग्गज रॅप करत होता. परवानगी काही घेतली नव्हती. बप्पीदांनी अमेरिकेत दावा लावला आणि 2003 मध्ये न्यायालयाने त्यांचं नाव दिल्याशिवाय सीडी विकायला मनाई केली. योग्यच झालं. पण लताबाईंचा आवाज ढोलकसकट तिथे इतका फिट बसला होता की मी राकिम कोण हे शोधायला लागलो, आणि तिथून मागे मागे जात राहिलो.

आता शब्दांकडे येऊ, कारण अभंग ऐकणाऱ्या माणसाला शेवटी तेच धरून ठेवतील. अमेरिकन रॅपर टुपॅक शकूरचं 'डिअर मामा' (1995) घ्या. आपल्याकडे आईवरच्या गाण्यांना तोटा नाही, पण त्यातली आई बहुतेक वेळा देव्हाऱ्यात बसवलेली असते. टुपॅकची आई व्यसनी होती, आणि तो हे गाण्यात आडपडदा न ठेवता सांगतो. लहानपणी आपण तिच्यावर चिडायचो, सरकारी मदतीवर घर चालायचं, बाप नव्हता, आपण पोलिसांच्या तावडीत सापडलो, सगळं सांगतो, आणि त्याच दमात म्हणतो की तुझे उपकार फिटणार नाहीत. आईचा एकही दोष झाकलेला नाही, म्हणून ते प्रेम खरं वाटतं. ही आई म्हणजे अफेनी शकूर, अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. गरोदरपणी तुरुंगात होती, खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे 1971 मध्ये निर्दोष सुटली. जूनमध्ये टुपॅक जन्मला. त्याच ब्लॅक पँथरवरून पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. त्यामुळे नामदेव ढसाळांची कविता पचवलेल्या मराठी वाचकाला रॅपमधली भाषा अंगावर येईल, पण ओळखीचीही वाटेल.

दुसऱ्याची गोष्ट आपली करून घेण्यात एक खोटही आहे, ती सांगायला हवी. 1991 मध्ये गाण्यांच्या खपाची यादी छापणाऱ्या बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाने विक्री मोजायला बारकोडवर चालणारी साउंडस्कॅन पद्धत आणली. त्याआधी दुकानदार सांगतील त्यावर यादी बनायची. काही आठवड्यांतच लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा एनडब्ल्यूए हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर! उपनगरांतली खाऊनपिऊन सुखी गोरी पोरं हे किती विकत घेतायत, ते त्या सुमारास उद्योगाच्या डोळ्यांत भरलं. त्यातल्या कित्येकांना गोळीबार आणि शिव्या सुरक्षित अंतरावरून ऐकायची मजा होती. कंपन्यांनाही तेच विकायला सोपं. सोन्याच्या साखळ्या तुम्हाला आधी दिसल्या त्यामागे हे कारण आहे. बायकांबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं घाणेरडंच आहे. "ती त्यांची संस्कृती" म्हणून मी ते सोडून देत नाही, सरळ पुढचं गाणं लावतो.

फ्रान्समध्ये हे लवकर रुजलं. मार्सेच्या आयएएम गटाकडे बघा. इटालियन, अल्जेरियन, मादागास्करच्या मुळांची मंडळी एकत्र आली आणि त्यांनी आखेनातोन, खेओप्स, इमहोतेप अशी प्राचीन इजिप्तची नावं लावून घेतली! सेनेगलमध्ये जन्मलेला एमसी सोलार तर फ्रेंच इतकी नजाकतीने वापरतो की अर्थ न कळताही ऐकत राहावं. 1994 च्या कायद्याने रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंचमधली हवीत असं ठरलं, त्याचाही रॅपवाल्यांना चांगलाच हात मिळाला.

मुंबईची गोष्ट तुम्हाला 'गली बॉय' सिनेमामुळे माहीत असेल. अंधेरीचा रॅपर डिव्हाइन सांगतो की शाळेतल्या मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट हा अमेरिकन रॅपर बघून त्याला या प्रकरणाचा पत्ता लागला. कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये 'आफत' आयपॅडवर रेकॉर्ड केलं, त्यावरच व्हिडिओ काढला. दोघांनी अमेरिकेची नक्कल सोडून बंबइया हिंदीत गल्लीचं बोलायला घेतलं, तेव्हा लोकांनी कान दिला. स्वदेसी या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' (2019) माझं जास्त आवडतं. आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं म्हणणं, आणि त्यात प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज.

तर सुरुवात. तुमचा कान गाण्यावर तयार झालाय, म्हणून 'डिअर मामा' आधी, हातात शब्द घेऊन. मग ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह यांचं 'द मेसेज' (1982), वस्तीतल्या हलाखीवरचं. गटाला ते करायचंच नव्हतं, पार्टीत येऊन रडगाणं कोण ऐकणार म्हणून. ऐकल्यावर तुम्हीच सांगा. त्यानंतर 'द वारली रिव्होल्ट'. रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम'ला 2018 चा पुलित्झर हा मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला म्हणून लोक तिथूनच सुरू करायला सांगतील. ते थांबू द्या, तो अल्बम सवयीच्या कानांसाठी आहे.

आणि काहीही ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा बेस त्यातून येतच नाही, मग नुसती बडबड ऐकू येते आणि माणूस दोन मिनिटांत बंद करतो. साधे इअरफोन चालतील. गाडीतले स्पीकर त्याहून बरे.