‘लाईट गेली’ म्हटलं तर चूक का?

दादरच्या एका ताईंनी विचारलंय : मुलीने निबंधात ‘लाईट गेली म्हणून पंखा बंद पडला’ असं लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ मारली. दिवा गेल्यावर पंखा कसा बंद पडेल, ‘वीज गेली’ लिही, म्हणाल्या. हे बरोबर आहे का?

ताई, निबंधात ‘वीज’ लिहावं हे ठीकच. पण ‘लाईट’ चुकीचं आहे, हे मला अजिबात मान्य नाही. घरातली जुनी माणसं आजही ‘दिवे गेले’ म्हणतात ना? वीज आपल्या घरात आली तीच मुळी दिव्यासाठी. चाळीच्या खोलीत एक बल्ब आणि एक बटण. पंखा, मिक्सर, फ्रिज मागाहून आले, तोवर नाव रुळलं होतं. म्हणून मीटर बघायला येतो तो ‘लाईटवाला’, आणि फ्रिज कितीही खात असला तरी बिल ‘लाईट’चंच. ‘घासलेट’ हा शब्दही ‘गॅसलाईट’वरून आलाय. स्टोव्हवर भात शिजवायच्या तेलालाही आपण उजेडाचंच नाव दिलं!

गिरणगावात या उजेडाने काय केलं, तेही सांगायलाच हवं. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली तेव्हापासून गिरण्या वाफेवर चालत. एक मोठं इंजिन, त्यावर फिरणारे दांडे, दांड्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरलेले पट्टे. कोळसा घालत राहिलं की इंजिन रात्रीही थांबत नसे. माणसाला मात्र अंधारात तुटलेला धागा दिसत नाही. त्यामुळे दिवस मावळला की काम संपे. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ती मर्यादाच गेली. यंत्रं वाफेवरचीच, पण कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी विरोध केला. शेवटी 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी 12 तासांची हद्द घातली. उत्पादन वाढलं असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण ते या माणसांच्या झोपेतून वाढलं होतं.

मुंबईच्या जवळपास कोळसा नाही, तो लांबून आणावा लागे. म्हणून टाटांनी घाटावर तलाव बांधून पाणी खाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून ती वीज गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणासाठी भातखाचरं बुडणार म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुंबईच्या विजेबद्दल बोलताना मुळशी विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

यंत्रं फिरवणारी ती ‘पॉवर’. कारखान्यात आजही ‘पॉवर गेली’ म्हणतात, ‘पॉवरलूम’ही त्यातलाच. एकच वीज, पण घरातलं नाव वेगळं आणि कारखान्यातलं वेगळं.

आता व्याकरण. दिवा या अर्थी ‘लाईट’ पुल्लिंगी चालतो : ‘जिन्यातला लाईट लावला’, ‘बाथरूमचा लाईट गेला’. पुरवठा या अर्थी मात्र तो ‘वीज’सारखा स्त्रीलिंगी होतो : ‘लाईट गेली’, ‘लाईट आली’. बोलणाऱ्यांनी दोन अर्थ लिंगावरून वेगळे ठेवलेत. लाईट गेला तर पंखा चालूच राहतो, लाईट गेली तर बंद पडतो. तुमच्या मुलीने ‘गेली’ लिहिलंय.